मदत हवी आहे: रॉयटन (ओल्डहॅम), १८१०-११ चे दोन जॉन. आमचा कोणता?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधली जुनी चर्च-रजिस्टरं चाळण्याचा अनुभव कुणाला असेल तर मदत करा.

माझे सासरे ओल्डहॅमजवळच्या रॉयटनचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या सुताच्या धंद्यातलं. माझं माहेर अमरावतीचं. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात (१८६१-६५) आमच्या वऱ्हाडातला कापूस मुंबईहून याच लँकेशायरच्या गिरण्यांकडे जात होता, त्यामुळे मलाही या शोधात जीव गुंतलाय. सासऱ्यांचं वय झालंय. त्यांच्या हयातीत त्यांच्या खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव तरी खात्रीने सांगता यावं, एवढीच इच्छा आहे.

खापरपणजोबा म्हणजे जॉन. आडनाव इथे देत नाही, पण त्या भागात ते पैशाला पासरी आहे. हाती आहे ते असं:

१८५१ची जनगणना, रॉयटन: जॉन, वय ४०, हातमाग विणकर, जन्म क्रॉम्प्टन. बायको अ‍ॅन, ३४. मुलं मेरी १६, थॉमस १३ आणि सर्वांत धाकटा ४ वर्षांचा. हा धाकटा म्हणजे सासऱ्यांचे पणजोबा.

१८४१ची जनगणना, रॉयटन: जॉन ३०, सारा ३०, मेरी ६, थॉमस ३. त्या वर्षी नातं लिहीतच नसत आणि मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणत, म्हणून या तिशीवर माझा फार भरवसा नाही. सासऱ्यांचं म्हणणं, सारा आणि अ‍ॅन एकच, ‘सारा अ‍ॅन’ असं जोडनाव असेल.

लग्न: १८३३, ओल्डहॅम सेंट मेरी, जॉन आणि सारा. दोघांच्या नावापुढे सहीऐवजी फुली. वडिलांची नावं नाहीत, कारण तो रकाना आला १८३७ पासून.

आता बाप्तिस्मे. डिसेंबर १८१० मध्ये क्रॉम्प्टनमधल्या शॉ गावच्या चॅपलमध्ये जॉन, वडील एडमंड, आई मेरी. मार्च १८११ मध्ये ओल्डहॅम सेंट मेरीत जॉन, वडील जेम्स, आई अ‍ॅलिस, राहणार क्रॉम्प्टन. वय दोघांचंही जुळतं, गावही जुळतं. बाप्तिस्म्यासाठी छापील रकान्यांची वही आली १८१३ मध्ये. त्याआधी पाद्र्याने लिहिलं तेवढंच हाती लागतं.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत गावावरून नि आडनावावरून घराणं सापडतं, तसं इथे होत नाही. उत्तर इंग्लंडात पॅरिश (एका मुख्य चर्चच्या अखत्यारीतला भाग) प्रचंड मोठी. प्रेस्टविच-कम-ओल्डहॅम या एकाच पॅरिशमध्ये ओल्डहॅम, रॉयटन, क्रॉम्प्टन, चॅडर्टन अशा कितीतरी टाउनशिप, म्हणजे पॅरिशच्या आतले गावनिहाय भाग. गरिबांना मदत देण्याचा हिशोब टाउनशिपचा, बाप्तिस्मा-लग्न-दफनाची नोंद मात्र ज्या चर्चमध्ये विधी झाला तिथली. त्यामुळे क्रॉम्प्टनचा माणूस तीन-चार ठिकाणी शोधावा लागतो.

या दोघांतला आमचा कोणता, हे ठरवायचं कसं? मुलाला आजोबांचं नाव देतात म्हणून बघितलं, तर थॉमस दोन्हीकडे बसत नाही.

प्रतिसाद

ताई, मी बोल्टनला राहतो आणि नवऱ्याकडचं नव्हे, पण बायकोकडचं हेच काम केलंय. माझ्या मते उत्तर तुमच्या दोन जनगणनांतच आहे. सारा १८४१ला तीस आणि अ‍ॅन १८५१ला चौतीस. आकडे खाली आणले असं धरलं तरी सारा १८५१ला किमान चाळीस हवी. ही एक बाई नाही. जॉनचं दुसरं लग्न झालं असणार, आणि ते १८३७ नंतरचं असल्यामुळे त्याच्या नोंदीत जॉनच्या वडिलांचं नाव आणि धंदा दोन्ही असणार.

आधी सरकारी जन्मनोंदींची ऑनलाइन सूची उघडा. तिथे आता १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव दिसतं. थॉमस १८३८च्या आसपासचा, धाकटा १८४६-४७चा. दोघांच्या आईचं माहेर वेगळं निघालं की दुसरं लग्न पक्कं. मग साराचं दफन शोधा. १८१३ नंतरच्या दफनाच्या वहीत वय आणि राहण्याचं ठिकाण असतं, म्हणजे रॉयटनची सारा ओळखू येईल. दफन आणि धाकट्याचा जन्म, या दोन तारखांच्या मध्ये लग्न.

ते रॉयटनलाच झालं असेल असं धरून चालू नका. मँचेस्टरच्या कॉलेजिएट चर्चमध्ये (१८४७ पासून ते कॅथेड्रल) आसपासच्या टाउनशिपमधली जोडपी येऊन थव्याथव्याने लग्नं लावत. लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्सच्या संकेतस्थळावर उतरवलेल्या नोंदी फुकट शोधता येतात, फ्रीरेग आणि फॅमिलीसर्च ही संकेतस्थळंही बघा. पण उतरवलेल्यावर थांबू नका. मूळ पानाचं चित्र पाहा, साक्षीदारांची नावं बऱ्याचदा उतरवलेल्यात गाळलेली असतात.

आणखी एक, जे लोक नेहमी विसरतात: दोन्ही जॉन मोठे झाले हे गृहीत धरू नका. शॉ आणि ओल्डहॅमची १८१० ते १८२० ची दफनं ओळीने वाचा. लहान मुलाच्या नोंदीत ‘अमक्याचा मुलगा’ असं बहुधा लिहिलेलं असतं. एखादं पान खराब असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल मागा, ती वेगळी जपलेली असते.

धागाकर्ती

दादा, तुमचे फार फार आभार. थॉमसच्या आणि धाकट्याच्या आईचं माहेर वेगळं निघालं. साराचं दफन १८४३ मध्ये रॉयटनला आहे. लग्न १८४४चं, मँचेस्टरच्या कॉलेजिएट चर्चमध्येच: जॉन, विधुर, विणकर, राहणार रॉयटन, वडील जेम्स, विणकर. अ‍ॅननेही फुलीच केली आहे, पण जॉनच्या नावापुढे या वेळी सही आहे. अक्षर वाकडं, शेवटचं अक्षर रकान्याच्या रेघेबाहेर गेलेलं. पहिल्या लग्नात फुली करणारा माणूस मधल्या अकरा वर्षांत सही शिकला. सासऱ्यांनी ते पान पडद्यावर मोठं करून बराच वेळ पाहिलं.

एडमंडचा जॉनही सापडला, शॉच्या दफनांत, १८१२. म्हणजे जेम्स आणि अ‍ॅलिस पक्के.

आता पुढचं. जेम्स-अ‍ॅलिसचं लग्न ओल्डहॅम सेंट मेरीत १८०० ते १८११ मध्ये नाही. प्रेस्टविचचं रजिस्टर आणि मँचेस्टर, दोन्ही बघणार आहे. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारत, त्या पुकारीच्या वहीत दोघांची पॅरिश लिहिलेली असते, तर प्रेस्टविचच्या त्या काळातल्या वह्या कुणी पाहिल्या आहेत का? आणि क्रॉम्प्टन टाउनशिपचे गरीब-मदतीचे कागद, म्हणजे कोण कुठून येऊन राहिला याचे दाखले, नेमके कुठे मागायचे? जेम्स मूळचा बाहेरचा असेल तर तिथेच कळेल.