तिसरीचा गणिताचा तास संपवायचा कसा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

इंदूरला एका हिंदी माध्यमाच्या खासगी शाळेत तिसरीला गणित शिकवते. तास ३५ मिनिटांचा, वर्गात मुलं ४२. सुरुवात जमते, मधला भागही बरा जातो, गाडी अडते ती शेवटी. सध्या दोन अंकी वजाबाकी चालू आहे, दशक सुटा करून (म्हणजे हातचा घेऊन) करायची. काड्यांचे गठ्ठे सोडायला मुलांना भारी आवडतं. त्यात वेळ कसा जातो कळत नाही आणि घड्याळाकडे बघावं तर पाचच मिनिटं उरलेली. तेवढ्यात गृहपाठ फळ्यावर लिहायचा, सगळ्यांनी तो उतरवायचा, काड्या गोळा करायच्या. दाराशी पुढच्या तासाच्या मॅडम येऊन उभ्या. मग मी घाईघाईने "समझ में आया?" विचारते, "हाँऽऽ मैडम!" असा गजर होतो, आणि दुसऱ्या दिवशी वहीत पहिले पाढे पंचावन्न.

अंगठा वर-खाली करायला सांगून पाहिलं. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचा अंगठा वर गेला की मागच्या सगळ्यांचे वर. सारांश मीच सांगायला लागले तर मुलं दप्तरं भरतात. हल्ली शेवटी एक चिठ्ठी लिहून घेते. परवाचा प्रश्न होता: सराफ्यात (इथल्या खाऊगल्लीत) ३५ रुपयांचा भुट्ट्याचा कीस खाल्ला, ५० ची नोट दिली, परत किती मिळाले? बऱ्याच जणांनी २५ लिहिलं. आता हे २५ कुठून आलं ते चिठ्ठीवरून मला कळेना. शिवाय ४२ चिठ्ठ्या वाचायच्या कधी? पुढे लगेच चौथीचा तास असतो.

गाणी, स्टिकर, टाळ्या हे सगळं करून झालंय, ते सुचवू नका प्लीज. वर्गातून बाहेर पडताना कोणाला काय आलं आणि काय नाही हे मला कळायला हवं. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेचं सगळं लक्ष तिसरीच्या अखेरीवर आहे, त्यामुळे वरूनही विचारणा असतेच.

– माळव्यातली_बाई

प्रतिसाद: खडूफळा

गृहपाठ तासाच्या सुरुवातीलाच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून टाका. हजेरी होईपर्यंत मुलं उतरवून घेतात. काड्या गोळा करायला ओळीतला एक जण नेमा. एवढ्यानेच चार मिनिटं सुटतील.

आता त्या २५ कडे येतो. नोकरीभर मराठी शाळेत हेच केलं, म्हणून जरा सविस्तर. मुलं इथे मुख्यतः दोन प्रकारे चुकतात. एक, वर-खाली न बघता मोठ्यातून लहान वजा करतात. दोन, दशक सुटा करतात पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरतात. तुमच्या ५० − ३५ मध्ये पहिला प्रकारवाला ५ मधून ० काढून ५ लिहितो, मग ५ − ३ = २, उत्तर २५. दुसरा १० − ५ = ५ अगदी बरोबर करतो, मग ५ − ३ = २, त्याचंही २५! चुका दोन, उत्तर एक. मग चिठ्ठी बोलणार काय?

एककांतला फरक ५ आला की हे होणारच. ४२ − १७ घ्या, तिथेही दोघं ३५ लिहितील. त्याऐवजी ५२ − २८ द्या. बरोबर उत्तर २४. मोठ्यातून लहान काढणारा ३६ लिहील, दशक कमी करायला विसरणारा ३४, आणि चिन्ह न बघणारा बेरीज करून ८०. उत्तर बघितलं की मूल कुठे अडलंय ते दिसतं. चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत, नुसते गठ्ठे करायचे. चौथीच्या वर्गाकडे जाताना जिन्यातसुद्धा होतील.

आणि हो, हा प्रश्न पैशांत विचारू नका. पैशांचं गणित चांगलंच, पण इथे नको. दुकानात जाणारं मूल ३५ वरून पुढे मोजत ५० ला पोचतं आणि १५ सांगतं. उत्तर बरोबर, पण दशक सोडता येतो की नाही ते कळलं नाही.

प्रतिसाद: लीड्सकर

इंग्लंडमध्ये १९९९ साली प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय अंकगणित योजना आली, त्यात रोजचा गणिताचा तास तीन भागांत पाडला होता. सुरुवातीला तोंडी गणित, मग मुख्य काम, आणि शेवटची १० ते १५ मिनिटं सगळ्या वर्गाने एकत्र येऊन बोलायची. पण तिथला तास ४५ ते ६० मिनिटांचा. ३५ मिनिटांत तेवढं बसवायला जाऊ नका, सात खूप झाली. मी मदतनीस म्हणून शाळेत होते तेव्हा या शेवटच्या भागाचा नुसता उपचार झालेलाही पाहिला: "आज आपण काय शिकलो?" "वजाबाकी!" संपलं. त्यापेक्षा मधेच, वीस मिनिटांवर, दोन मिनिटं हातातलं काम थांबवून एखाद्याची वही सगळ्यांना दाखवलेली जास्त उपयोगी पडते.

प्रतिसाद: गुपचूप_वाचक

जपानमधल्या शिक्षकांची एक पद्धत मला फार आवडते: तासभर फळा पुसायचा नाही. प्रश्न डावीकडे, मुलांच्या वेगवेगळ्या रीती मध्ये, चुकलेल्याही तशाच राहू द्यायच्या. शेवटी त्या फळ्याकडे बघून मुलंच एक वाक्य तयार करतात आणि ते वहीत उतरवतात. या शेवटच्या टप्प्याला तिथे 'मातोमे' म्हणतात. आपल्याकडे अर्धा फळा "डोन्ट रब" लिहून ठेवलेल्या सुविचाराने अडवलेला असतो, तो भाग वेगळा.

माळव्यातली_बाई

सगळ्यांचे आभार. खडूफळा सर, ५ चा फरक बी.एड.ला कुणी सांगितला नव्हता! घंटेच्या आधी सात मिनिटं थांबले आणि ५२ − २८ दिलं. ३६ वाल्यांचा गठ्ठा सगळ्यांत जाड, ३४ वाले थोडे, ८० चे दोन. आणि एकाने २२८ लिहिलंय, त्याचं काय करू?

दुसऱ्या दिवशी तासाची सुरुवात त्या ३६ पासून केली. नाव न घेता फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, ज्याने हे लिहिलं त्याने काय विचार केला असेल? तीन-चार हात लगेच वर. मग २८ आणि ३६ मिळवून बघायला सांगितलं, ६४ आले. "अरे, ये तो बावन से ज़्यादा हो गया!" हे मागच्या बाकावरून आलं, मला बोलावंच लागलं नाही.

आता नवी अडचण: ज्यांना येतं ते अर्ध्या मिनिटात लिहून मोकळे आणि मग दंगा.

प्रतिसाद: खडूफळा

त्यांना चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहायला सांगा: दशक सोडावा लागेल आणि उत्तर २४ च येईल, अशी दुसरी वजाबाकी बनवा. ४१ − १७ कोणाला तरी सुचेल. काही जण ४८ − २४ लिहितील, त्यात दशक सोडावाच लागत नाही. म्हणजे त्यांना रीत पाठ झालीय, कधी वापरायची ते अजून कळलेलं नाही.

२२८ वाल्याला जवळ बोलावून गणित मोठ्याने म्हणायला लावा. माझा अंदाज, त्याने फळ्यावरून दोन आकडे अर्धे उतरवलेत. शेवटच्या बाकावर बसतो का? तसं असेल तर आधी डोळे तपासायला सांगा.

प्रतिसाद: लीड्सकर

तीन अंकी आणि मध्ये शून्य आलं की कोणता प्रश्न द्यायचा, सर?

प्रतिसाद: खडूफळा

३०४ − १२८. बरोबर उत्तर १७६. मोठ्यातून लहान काढणारा २२४ लिहील. १८६ आलं तर शतक सोडून दहा दशक केले, त्यातला एक एककाला दिला, पण दहाचे नऊ करायला विसरला. हा गठ्ठा जाड निघाला तर काड्या परत बाहेर काढा, शंभराच्या मोळीसकट.