मदत हवी आहे: हृदयाच्या मॉडेलमधून पाणी सांडतंय, परवा प्रदर्शन आहे

राजारामपुरी_बाबा
मुलगी आठवीत आहे. परवा शाळेत विज्ञान प्रदर्शन. रक्ताभिसरणाचं चालतं मॉडेल करायला घेतलंय. दोन पंप आणले, नळ्या जोडल्या, रंग टाकला. चालू केलं की दहा मिनिटांत पाणी सांडतं आणि रंगांचा पार चिखल होतो. तीनदा सगळं सोडून परत जोडलं. काय चुकतंय? लवकर सांगा, हातात उद्याचाच दिवस आहे.

ऊसवाला_कागल
कुठनं सांडालंय ते सांगा की. जॉइंटातनं का टाकीतनं? पंप कुठला, नळी केवढी?

राजारामपुरी_बाबा
जॉइंट पक्के आहेत, एम-सील मारलंय. बरणीच्या तोंडातनं सांडतं. पंप फिश टँकचे आहेत, दोन्ही एकाच मापाचे.

रंकाळा_पहाटे
शाळेचे प्रकल्प आईवडिलांनीच करायचे असं कधी ठरलं? मुलीला करू द्या, चुकलं तरी चालेल.

राजारामपुरी_बाबा
ताई, तक्ता तिनंच काढलाय, नळ्या तिनंच कापल्यात. वायरिंग फक्त मी करतोय, पाण्याजवळ करंट आहे म्हणून. कृपया सांडण्याबद्दल बोला.

उद्यमनगर_टर्नर
बरण्या किती? कुठली भरते, कुठली रिकामी होते? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

राजारामपुरी_बाबा
बरण्या दोन. 'शरीर' निळी, 'फुफ्फुसं' लाल. उजवा पंप शरीराच्या बरणीतनं ओढून फुफ्फुसात टाकतो, डावा फुफ्फुसातनं ओढून शरीरात. हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून लिहिलं नव्हतं. लाल भरून सांडते, निळी कोरडी पडते.

ऊसवाला_कागल
मग सोपं आहे. दोन्ही बरण्यांना तळात भोक पाडा आणि नळीचा तुकडा जोडा. पातळी आपोआप सारखी राहती. आम्ही शेतात दोन टाक्या अशाच जोडल्यात, सहा वर्षं झाली.

जयसिंगपूरकर
दोन पंपांची भानगडच कशाला? एकच पंप लावा, गोल फिरवा. काम फत्ते.

फळा_खडू
मी 28 वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवलं, म्हणून राहवत नाही. जयसिंगपूरकर, एका पंपाचा गोल फेरा म्हणजे माशाचं हृदय. त्याला दोनच कप्पे असतात. रक्त कल्ल्यांतून थेट शरीरात जातं आणि परत येतं. माणसाचं रक्त एका फेरीत दोनदा हृदयातून जातं.

आणि कागलकर दादा, ते भोक तर नकोच. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलन हेच सांगून गेला होता, की हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रं असतात आणि रक्त त्यातून पलीकडं झिरपतं. जवळजवळ दीड हजार वर्षं युरोपातले वैद्य तेच घोकत राहिले. बाळ पोटात असताना दोन्ही कर्णिकांमध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांमध्ये, वाट असते हे खरं, कारण तेव्हा फुफ्फुसं श्वास घेत नसतात. जन्मानंतर ती मिटते. नाही मिटली तर आपण 'हृदयाला छिद्र' म्हणतो. मुलीच्या मॉडेलमध्ये तोच दोष कशाला घालायचा?

ऊसवाला_कागल
बाई, मी पाणी सांडायचं थांबवायला सांगितलं, डॉक्टरकी नाही. माझं भोक चालणार म्हणजे चालणार.

जयसिंगपूरकर
कर्णिका नाही, अलिंद. नव्या पुस्तकात अलिंद-निलय आहे. पोरांना जुने शब्द सांगू नका, मार्क जातात.

फळा_खडू
वरच्या कप्प्याला कर्णिका आणि खालच्याला जवनिका म्हणणाऱ्या शेकडो मुलांना मी पूर्ण मार्क दिलेत. कप्पा कळला पाहिजे, शब्द दोन्ही चालतात.

तालीम_आणि_तूप
माझी नाडी सकाळी मिनिटाला 52 लागते. तालमीत जोर-बैठका, पळणं रोजचं. भीती वाटून दाखवून आलो, डॉक्टर म्हणाले मेहनतीचं हृदय आहे, एका ठोक्याला जास्त रक्त टाकतं म्हणून कमी ठोक्यांत भागतं. तक्त्यावर नेहमीच्या 72 ठोक्यांच्या शेजारी हे पण लिहा.

गृहिणी_शाहूपुरी
इथं सगळे जाणकार दिसतात म्हणून विचारते. सासूबाईंचं बीपी 150/95 आलंय. गोळी चालू आहे. लसूण खाल्ला तर गोळी बंद करता येईल का?

तालीम_आणि_तूप
उपाशीपोटी दोन पाकळ्या. आमच्या आज्जीचं उतरलं होतं.

फळा_खडू
ताई, गोळी मनानं अजिबात बंद करू नका. आकडा घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडंच जा. लसूण आमटीत घाला, गोळीच्या जागी नको.

उद्यमनगर_टर्नर
मूळ प्रश्नाकडं या. बाबा, डाव्या पंपाची नळी किती उंच नेली आहे?

राजारामपुरी_बाबा
तीन फूट. डोक्यापर्यंत नेऊन परत खाली शरीराच्या बरणीत सोडली आहे. फुफ्फुसाची बरणी पंपाच्या शेजारीच आहे. पण पंप तर सारखेच आहेत!

उद्यमनगर_टर्नर
तिथंच घोळ आहे. पंप सारखे, पण एकाला तीन फूट चढवायचंय आणि एकाला शेजारी ओतायचंय. चढवणारा मिनिटाला कमी टाकणार. उजवा जास्त टाकतोय, डावा तेवढं उचलत नाही, मधली लाल बरणी फुगणार. शेतातल्या मोटरचं हेच असतं.

फळा_खडू
शाब्बास! डाव्या जवनिकेची भिंत उजवीच्या तिप्पट जाड असते ती याचसाठी. उजवीला शेजारच्या फुफ्फुसात ढकलायचं, बीपीच्या मापात साधारण 25 चा दाब पुरतो. डावीला टाळूपासून अंगठ्यापर्यंत पोचवायचं, तिथं 120 लागतो. पण दाब वेगळा असला तरी रक्त दोघींनी सारखंच टाकायला हवं. एका ठोक्याला 70 मिली धरा, 72 ठोके म्हणजे मिनिटाला 5 लिटर. जवनिकेत जास्त रक्त आलं की ती जास्त ताणली जाते आणि पुढचा ठोका जास्त जोरात मारते, त्यामुळं दोन्ही बाजू एकमेकींना सांभाळून घेतात. डावी थकली तर तुमच्या लाल बरणीसारखंच फुफ्फुसात साचतं. 'छातीत पाणी झालं, आडवं झालं की धाप लागते' म्हणतात त्यातलं एक कारण हेच. हे मॉडेल बिघडलेलं असतानाही खरंच बोलतंय.

राजारामपुरी_बाबा
अंगावर काटा आला वाचून. पण परवा काय करू? डावा पंप मोठा आणू?

उद्यमनगर_टर्नर
मोठा आणलास तर निळी बरणी सांडेल. मोटरी काढून टाक. 50 मिलीच्या दोन सिरिंज घे, सुई नको. दोन्हीचे दट्टे एकाच लाकडी पट्टीला बांध. पट्टी दाबली की दोन्ही एकदम आणि सारखंच टाकणार, उंची कितीही असू दे. प्रत्येक सिरिंजला 'टी' जोडून एक व्हॉल्व्ह आत येणारा, एक बाहेर जाणारा. फिश टँकच्या हवेच्या नळीला लावतात ते एकेरी व्हॉल्व्ह चालतील. बाण बघून लाव, उलटा बसला तर तासभर डोकं खाजवशील.

फळा_खडू
दोन सिरिंज, चार व्हॉल्व्ह. हृदयातही झडपा चारच! डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तो लब-डब आवाज त्या झडपा मिटल्याचा असतो. करंटही गेला, म्हणजे सगळं मुलगीच करू शकेल.

रंगाचं: निळं पाणी लाल बरणीत गेलं की जांभळं होणारच. पाणी एकाच लाल रंगाचं ठेवा, निळी चिकटपट्टी नळ्यांना गुंडाळा. रक्त निळं नसतंच, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त काळपट लाल असतं. फुफ्फुसाकडं जाणाऱ्या रोहिणीला (हृदयातून रक्त बाहेर नेणाऱ्या नळीला) निळी पट्टी लावायला विसरू नका, परीक्षक हमखास तिथंच बोट ठेवतात.

ऊसवाला_कागल
सिरिंजचं बरं आहे. भोकाचं राहू द्या.

रंकाळा_पहाटे
तिला विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरचं गणितही सांगा. 1628 साली त्यानं हिशेब मांडला, की अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं तेवढं अख्ख्या शरीरात नसतं, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार.

राजारामपुरी_बाबा
आज रात्री साडेआठला चालू झालं. वीस मिनिटं दाबतोय, दोन्ही बरण्यांच्या खुणा जागच्या जागी. मुलीनं डाव्या बाजूच्या नळीवर बोट ठेवलं आणि ओरडली, "बाबा, नाडी!" खरंच, प्रत्येक दाबाला नळी बोटाखाली फुगते. तिच्या मनगटावर लागते अगदी तशी.

पण डावा बाहेरचा व्हॉल्व्ह थोडा मागं गळतोय. पट्टी वर ओढली की नळीतलं पाणी सिरिंजमध्ये उतरतं. दुकानं बंद झाली. काय करू?

उद्यमनगर_टर्नर
सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आहे का घरी? व्हॉल्व्ह उघडून आतल्या चकतीएवढी गोल चकती काप, कडा साफ ठेव. ट्यूब नसेल तर माझ्याकडं ये, दहापर्यंत वर्कशॉपात आहे. पत्ता मेसेजमध्ये टाकलाय. पोरीला पण आण.