दोन गोलांनी हरलं की ‘पानिपत’?

काथ्याकूट: एका फुटबॉल सामन्याच्या बातमीचा मथळा वाचला, ‘उपांत्य फेरीत पानिपत’. संघ हरला २-० असा. याला पराभव म्हणा की! पानिपत म्हणजे एका दिवसात होत्याचं नव्हतं होणं. १४ जानेवारी १७६१ला दुपारपर्यंत भाऊंचं पारडं जड होतं. विश्वासरावांना गोळी लागली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. तसा अचानक घात नसेल तर हा शब्द वापरू नये.

अर्धविराम: अचानक कसला? फौज दोन महिन्यांहून जास्त कोंडलेली, रसद तुटलेली, माणसं-जनावरं उपाशी. दिवस एकच दिसतो, पोखरणं आधीपासून चालू असतं. वर्षभर रडतखडत खेळणाऱ्या संघाचं शेवटी पानिपत झालं, हे मला चालतं.

काथ्याकूट: इतिहास मान्य. पण बोलताना रसद कोणाच्या डोक्यात असते? हळूहळू बुडणाऱ्या धंद्याचं पानिपत झालं असं म्हणतो का आपण?

जुनी वही: तुम्ही दोघं एकाच शब्दाला धरून बसलात. वाताहत म्हणजे वात + आहत, वाऱ्याने झोडपलेलं. त्यात पांगापांग आहे, घाई नाही; घराची वाताहत वर्षानुवर्षं चालू शकते. दाणादाण मात्र क्षणात उडते, आणि तीही घोळक्याची. एकट्या माणसाची दाणादाण उडालेली मी तरी ऐकली नाही. राखरांगोळी संसाराची, नाहीतर पैशाची. त्या संघाच्या बचावफळीची दाणादाण उडाली असेल, तर तसं लिहायचं होतं.

तिरपा डोळा: ‘संक्रांत कोसळणे’सुद्धा पानिपतावरूनच आलं ना? लढाई संक्रांतीलाच झाली.

जुनी वही: नाही. संक्रांतीची इंग्रजी तारीख पुढे सरकत आली आहे. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी अलीकडे येणार. म्हणजे १७६१च्या १४ तारखेला संक्रांत उलटून गेलेली होती.

अर्धविराम: आणखी एक. १७७१ मध्ये दिल्ली पुन्हा मराठ्यांच्या हातात होती. म्हणजे पानिपत झालेला दहा वर्षांत उठतो, हाही अर्थ त्या शब्दात धरायचा का?

काथ्याकूट: धरा खुशाल. पण मग दहा वर्षं थांबा. हा संघ पुढच्या शनिवारी पुन्हा खेळतोय.