मदत हवी आहे: बँक नव्या कार्यकारिणीच्या सह्या घेत नाही, एकांकिका स्पर्धा तोंडावर

तिसरी_घंटा
तालुक्याच्या गावचं हौशी नाट्यमंडळ. नवी कार्यकारिणी आली आहे. बँकेत सह्या बदलायला गेलो तर "धर्मादायचा (धर्मादाय आयुक्त कार्यालयाचा) कागद आणा" म्हणाले. ठरावाची प्रत दिली, तिच्यावर भागत नाही म्हणे. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, स्पर्धा सुरू होते आहे. नाट्यगृहाची अनामत, लाइटवाल्याची उचल, परीक्षकांचं मानधन, सगळं चेकने द्यायचं आहे. खात्यात पैसे पडून आहेत आणि काढता येत नाहीत. सगळ्यात लवकरचा मार्ग सांगा. "वकील गाठा" एवढंच लिहू नका, ते आम्हालाही कळतं.

फेरफार
आधी हे सांगा, नाहीतर सगळे अंदाजाने बोलतील. प्रमाणपत्रावर एफ क्रमांक, म्हणजे विश्वस्त संस्था म्हणून नोंदणीचा क्रमांक, आहे का? निवडणूक कोणत्या तारखेला झाली? विश्वस्तांची नावं बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दिला का? खात्यावर सध्या कोणाच्या सह्या आहेत आणि चेकवर किती लागतात?

गल्ला
एवढ्या भानगडीत पडूच नका. खजिनदाराच्या नावावर साधं बचत खातं उघडा, क्यूआर कोड छापून प्रवेशशुल्क आणि देणग्या तिथे घ्या, खर्च तिथूनच करा. स्पर्धा संपली की हिशेब मंडळात मांडायचा. गावोगावी असंच चालतं.

सनदी_कारकून
चालत असेल, म्हणून बरोबर होत नाही. विश्वस्त संस्थेची शिल्लक संस्थेच्याच नावे बँकेत हवी. व्यक्तीच्या खात्यात आलेला पैसा आयकर खात्याला त्या व्यक्तीचं उत्पन्न दिसतो. देणगीदाराला आयकर सवलतीची पावती देता येत नाही. खजिनदाराचं उद्या काही बरंवाईट झालं तर पैसा त्याच्या वारसांकडे जातो आणि मंडळाला तो मागत बसावं लागतं. कृपया हे करू नका.

गल्ला
मग महोत्सव समिती करा आणि विश्वस्त कायद्याच्या कलम ४१क खाली वर्गणी गोळा करायची तात्पुरती परवानगी काढा. गणेश मंडळं दरवर्षी काढतात.

फेरफार
ती वाट ज्यांची नोंदणीच नाही त्यांच्यासाठी. नोंदलेल्या संस्थेने स्वतःच्याच कार्यक्रमासाठी वेगळी समिती दाखवून वर्गणी गोळा केली तर लेखापरीक्षक पहिला प्रश्न तोच विचारेल.

तिसरी_घंटा
एफ नंबर आहे. सर्वसाधारण सभा २० जुलैला झाली. बदल अर्ज म्हणजे नव्या कार्यकारिणीची यादी ना? ती आमच्या सचिवांनी सभेनंतर लगेच कार्यालयात दिली, पोच आहे. सह्या तिघांच्या, पैकी कोणत्याही दोन लागतात.

फेरफार
नाही, दोन्ही वेगळं आहे आणि बहुतेक मंडळं इथेच अडकतात. सभेनंतर १४ दिवसांत यादी द्यायची ती संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम ४ खाली. विश्वस्तांच्या नोंदवहीत नावं बदलतात ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ च्या बदल अर्जाने. तो परिशिष्ट ३ च्या नमुन्यात, बदल झाल्यापासून ९० दिवसांत. तुमची मुदत १८ ऑक्टोबरला संपते, म्हणजे अजून हातात आहे. बँक मागते तो कागद म्हणजे परिशिष्ट १ चा (विश्वस्तांच्या नोंदवहीचा) ताजा उतारा, नाहीतर बदल अर्जावरचा आदेश.

अर्ज ऑनलाइन भरून छापील प्रत सह्यांसह द्यायची. सोबत जोडायचं: सभेची नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा (सह्यांचं रजिस्टर किंवा पोस्टाच्या पावत्या), त्या दिवशीची सभासद यादी, हजेरीपट, इतिवृत्ताची खरी नक्कल, नव्या प्रत्येकाचं संमतीपत्र आणि ओळखपत्र, जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा मुदत संपल्याचा ठराव, घटनेची प्रत, प्रतिज्ञापत्र. नोटीस किती दिवसांची हवी ते घटनेत बघा. घटनेत लेखी नोटीस म्हटलं असेल आणि तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकून सभा घेतली असेल, तर हरकत घेणारा तिथेच बोट ठेवतो.

मुख्य प्रश्न राहिलाच. परिशिष्ट १ वर आज नावं कोणाची आहेत?

नाट्यवेडी_अनु
देणग्यांवरच्या आयकर सवलतीसाठी नोंदणी केलीत का? २००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत धरत नाहीत, हे पावतीपुस्तकावरच छापून घ्या.

तिसरी_घंटा
अनुताई, ते नंतर बघू, आत्ता चेक फाडायचा प्रश्न आहे.
उतारा काढला. त्यावर २०१२ ची कार्यकारिणी आहे. मधल्या दोन कार्यकारिण्यांचं काहीच दिलेलं दिसत नाही. तीन सह्यांपैकी एक जण वारले, एक पुण्यात असतात (सही करायला तयार आहेत), आणि तिसरे माजी खजिनदार. ते सही करणार नाही म्हणतात.

फेरफार
ही माहिती पहिल्या पोस्टमध्ये हवी होती, तिने सगळं बदलतं. २०१२ च्या नावांवरून एकदम आत्ताच्या नावांवर उडी मारता येत नाही. मधल्या प्रत्येक कार्यकारिणीचा वेगळा बदल अर्ज, त्या त्या वेळच्या इतिवृत्तासह, आणि जुन्या अर्जांना विलंबमाफीचा अर्ज. वारलेल्यांचा मृत्यू दाखला जोडा. २० जुलैचा अर्ज मात्र १८ ऑक्टोबरच्या आत स्वतंत्रपणे दाखल कराच, जुन्यांसाठी थांबू नका. निदान या बदलाला विलंब लागणार नाही.

विश्वस्त कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावातला बदल १५ कामाच्या दिवसांत तात्पुरता मान्य करता येतो, मग हरकतींसाठी ३० दिवस. पण साखळी तुटलेली असताना त्यावर स्पर्धेचं वेळापत्रक बांधू नका.

कायदा_आणि_कला
बँकेला ठणकावून सांगा. निवडून आलेले विश्वस्त निवडीपासूनच विश्वस्त असतात, बदल अर्ज मंजूर होईपर्यंत त्यांना काम थांबवावं लागत नाही, अशीच उच्च न्यायालयाची भूमिका आहे. नोंद ही झालेल्या बदलाची असते, ती बदल घडवत नाही.

सनदी_कारकून
कायदा बरोबर सांगितलात, उपयोग मात्र शून्य. शाखा व्यवस्थापकाला वाद झाला तर स्वतःवर येऊ नये एवढंच बघायचं असतं. एक सहीवाला नकार देतो आहे म्हटल्यावर तो आणखी सावध होणार. त्याच्याशी भांडण्यात दिवस जातील. जुन्या दोन सह्या अजून बँकेच्या नोंदीत जिवंत आहेत, त्या वापरा. नव्या कार्यकारिणीने ठराव करायचा की नोंद बदलेपर्यंत हे दोघे सह्या करतील, आणि प्रत्येक चेकला आधी कार्यकारिणीची लेखी मंजुरी असेल. या ठरावाची प्रत बँकेलाही द्या.

माजी खजिनदार सही का करत नाहीत?

पडद्यामागे
एकांकिका आहेत तर प्रत्येक संघाकडून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत आणि लेखकाचं परवानगीपत्र प्रवेशिकेसोबतच घ्या. प्रमाणपत्रावरचं संहितेचं नाव आणि प्रवेशिकेतलं नाव जुळतं का तेही बघा.

गल्ला
हौशी संघांना लेखकाची परवानगी लागत नाही, कायद्यात सूट आहे.

पडद्यामागे
सूट आहे, पण प्रेक्षकांकडून पैसे घेत नसाल तरच. तिकीट लावलंत की ती गेली. शिवाय ती प्रत्यक्ष प्रयोगापुरती आहे. पार्श्वसंगीताला कोणाचं रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवलं तर त्याचा परवाना वेगळा. तिसरी_घंटा, तिकीट आहे का? आणि नाट्यगृह बंदिस्त की खुलं? खुल्या रंगमंचावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, मग रोज किती एकांकिका बसतात त्यावरच सगळं ठरतं.

तिसरी_घंटा
बंदिस्त आहे, नगरपालिकेचं. प्रेक्षकांना तिकीट नाही.
माजी खजिनदारांचं म्हणणं असं, की गेल्या वर्षी नाट्यगृहाचं भाडं आणि नेपथ्याचा टेम्पो त्यांनी पदरचे पैसे घालून भागवला. मंडळाने ते परत केले नाहीत, वर त्यांच्या काळातला हिशेब सभेने मंजूरही केला नाही. गेल्या वर्षीचं ऑडिट राहिलं आहे.

सनदी_कारकून
मग तुमची अडचण बँकेत नाही, या हिशेबात आहे. त्या माणसाने मंडळाचा पडदा वर ठेवला आहे. ऑडिट ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत द्यायचं, म्हणजे ३० सप्टेंबर. याच आठवड्यात त्यांना घेऊन सीएकडे बसा.

एक काळजी घ्या. ती रक्कम 'उसनवार' किंवा 'कर्ज' म्हणून लिहू नका. विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, विश्वस्त कायद्याचं कलम ३६अ(३). संस्थेच्या वतीने केलेल्या खर्चाची भरपाई, अशीच नोंद हवी. त्याला मूळ पावत्या लागतील. भाड्याची पावती मंडळाच्या नावे असेल तर उत्तमच. टेम्पोवाल्याची नसेल तर त्याच्याकडून तारीख आणि फेरी लिहिलेली सहीची पोच घ्या. मग कार्यकारिणीत मंजुरी, आणि दोन जुन्या सह्यांचा पहिला चेक त्यांच्याच नावे.

फेरफार
+१. आणि तोवर अनामतीसाठी अडून राहू नका. प्रायोजक असेल तर त्याने नाट्यगृहाचं भाडं मंडळाच्या वतीने थेट नगरपालिकेत भरावं, पावती मंडळाच्या नावे घ्यावी. मंडळाने तेवढ्याच रकमेची देणगी पावती त्याला द्यायची आणि खर्चाच्या बाजूला भाडं दाखवायचं. दोन्ही नोंदी एकाच तारखेला.

२० जुलैच्या मतदारयादीत कोणाची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलेली होती का? असेल तर संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे त्यांना मताचा अधिकार नव्हता. अर्ज देण्याआधी ती यादी पुन्हा तपासा.

तिसरी_घंटा
तपासतो. सीएची वेळ घेतली आहे, माजी खजिनदार यायला तयार झाले. एकच विचारतो, २०१५ च्या सभेचं इतिवृत्त पुस्तकात आहे, पण नोटिशीचा पुरावा सापडत नाही. त्या बदल अर्जाला काय जोडू?

फेरफार
त्या सभेला हजर असलेल्या दोन-तीन जुन्या सभासदांची प्रतिज्ञापत्रं, की नोटीस मिळाली होती आणि सभा झाली. इतिवृत्तात त्यांची हजेरी लागलेली आहे का ते आधी बघा, तीच माणसं निवडा. तेव्हाच्या विश्वस्तांपैकी जे हयात आहेत त्यांची नाहरकत लेखी घ्या. विलंबमाफीच्या अर्जात कारण खरं तेच लिहा, की कलम ४ ची यादी दिली म्हणजे बदल अर्ज झाला असा समज होता, आणि त्या वर्षीच्या यादीची पोच जोडा. पोच सापडते का?