मदत हवी आहे : बाहेर जेवायला नेताना बिल आटोक्यात कसं ठेवायचं? (तातडीचं)

चकली
सासऱ्यांची पंच्याहत्तरी पुढच्या रविवारी आहे, सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचं ठरलंय. एका ठिकाणी विचारलं तर ताटाला "७५० प्लस प्लस" म्हणाला. ॲपवर त्याच हॉटेलला २५ टक्के सूट दिसतेय. फोन करून विचारलं तर "मॅडम, वो ग्रुप पे नहीं चलता." का नाही चालत? स्वस्तात कसं बसवायचं ते सांगा. उद्या संध्याकाळपर्यंत ॲडव्हान्स द्यायचाय. आणि कृपया "घरीच करा" म्हणू नका.

खवय्या_नं_१
शहर? माणसं किती? व्हेज की नॉनव्हेज?

पेठकर
पुण्याचं दुर्वांकुर. थाळी. विषय संपला.

बिनमिठाचा
पेठकर, बाईंनी शहर सांगितलंय का अजून? सगळा महाराष्ट्र टिळक रोडवर जेवत नाही.

पेठकर
नाही जेवत, तेच तर दुःख आहे.

चकली
ठाणे. व्हेज. सासरचे सगळे.

खवय्या_नं_१
"सगळे" म्हणजे किती हो? सहा की साठ? त्यावर सगळं गणित बदलतं.

आजी_ऑनलाइन
अगं, रागावू नकोस, पण पंच्याहत्तरीला घरचा स्वयंपाकच शोभतो. वरणभात, मसालेभात, अळूचं फदफदं, जिलबी. आमच्या यांच्या पंच्याहत्तरीला मी एकटीने तीस पानं वाढली होती. हॉटेलातली ती लाल ग्रेव्ही म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही.

तिखटमीठ
आजी, तिने धाग्यातच लिहिलंय की हे सांगू नका. घरी केलं तर ती दिवसभर ओट्याशी, आणि वाढदिवसाच्या फोटोत फक्त तिचा हात, वाडग्यासकट.

आजी_ऑनलाइन
मग सोसायटीच्या हॉलमध्ये आचारी बोलवा. ते तर चालेल ना?

चकली
आमच्या सोसायटीच्या हॉलला सध्या रंग चाललाय. माणसं २२. त्यात पाच वर्षांच्या आतली दोन मुलं, आणखी तीन शाळकरी. चार जण सत्तरीच्या पुढचे, त्यांचं जेवण दोन पोळ्या आणि ताक. हॉटेलवाला म्हणतो मिनिमम २५ ताटं.

बिनमिठाचा
म्हणजे २२ येणार आणि पैसे २५ चे? हे आधी सांगायचं ना! खरी गळती तिथे आहे, ॲपच्या सवलतीत नाही.

कूपनराजा
ॲपची सवलत का सोडायची? माझी पद्धत अशी. बावीस जणांचं बुकिंग करायचंच नाही. सहा-सहाची चार टेबलं वेगवेगळ्या नावांनी बुक करायची, पाच-दहा मिनिटांच्या फरकाने आत शिरायचं, आणि शेवटी चार फोनवरून चार बिलं ॲपनेच भरायची. वर बँकेच्या कार्डाची ऑफर मिळाली तर दुधात साखर. कुठल्या बँकेचं कार्ड आहे तुमच्याकडे? क्रेडिट आहे की डेबिट? रिवॉर्ड पॉइंट जेवणावर पाचपट देणारी कार्डं असतात, त्यांची वार्षिक फी, लाउंज वगैरे सगळं मी लिहून ठेवलंय, टाकतो इथे.

तिखटमीठ
नको टाकू. सासरे एका टेबलावर आणि सासूबाई चौथ्यावर, ही कसली पंच्याहत्तरी?

गल्ल्यावरचा
मी या धंद्यात आहे. माझं हॉटेल कुठलं ते सांगणार नाही, जाहिरात नको. ॲपची सूट ग्रुपला का चालत नाही, ते सांगतो. ती सूट बहुतेक करून मेनूकार्डातल्या ऑर्डरवर असते आणि तिचा मोठा भार आमच्याच खिशावर येतो. रिकाम्या वेळी टेबलं भरावीत म्हणून आम्ही ती देतो. ठरलेल्या ताटाचा भाव आधीच उतरवलेला असतो, त्याच्यावर परत २५ टक्के गेले की गॅसचा खर्चही निघत नाही. ऑफरखाली बारीक अक्षरात "बुफे, सेट मेनू आणि इतर ऑफरसह लागू नाही" असं असतं, ते वाचा. कूपनराजांसारखे चार टेबलांवाले आम्हाला दारातूनच ओळखू येतात. सगळ्यांच्या हातात एकच गिफ्ट असतं.

आता "प्लस प्लस" म्हणजे काय. पहिला प्लस सर्व्हिस चार्ज, दुसरा जीएसटी. सर्व्हिस चार्ज १० टक्के धरला तर ७५० चे ८२५ होतात. जीएसटी या ८२५ वर लागतो, ७५० वर नाही. ५ टक्क्यांनी ८६६.२५. पंचवीस ताटांचे साधारण २१,६५६ रुपये. हा आकडा तुम्हाला फोनवर कोणी सांगितला नसेल.

चकली
नाही सांगितला. मी ७५० गुणिले २२ करून बसले होते.

कायद्याचं_बोला
सर्व्हिस चार्ज द्यायचाच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. बिलात तो आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, दिला नाही म्हणून आत यायला अडवायचं नाही आणि तो धरून त्याच्यावर जीएसटी तर मुळीच आकारायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, पण २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, वर एकेक लाख खर्चही बसवला. बिल हातात आल्यावर शांतपणे म्हणायचं, "हे काढा." नाही काढलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन.

बिनमिठाचा
दिल्लीचा निकाल ठाण्यात कसा चालेल?

कायद्याचं_बोला
अहो, तत्त्वं केंद्राच्या प्राधिकरणाची आहेत, सगळ्या देशाला लागू. न्यायालयाने ती रद्द करायला नकार दिला, इतकंच.

गल्ल्यावरचा
माझ्याकडे तो पैसा पोरांमध्ये वाटला जातो, अगदी भांडी घासणाऱ्यापर्यंत. टिप फक्त वाढणाऱ्याला मिळते. पण कायदा कायदा आहे, मी वाद घालत नाही. एवढंच सांगतो, बिल आल्यावर भांडण्यापेक्षा ॲडव्हान्स देतानाच काढून घ्या. सासऱ्यांसमोर मॅनेजरशी हुज्जत बरी दिसत नाही.

परदेशी_पाखरू
आमच्याकडे न्यू जर्सीत तर सहा-आठ जण असले की १८ ते २० टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, आपोआप बिलात येते, आणि कोणी हूं की चूं करत नाही. आम्ही पोर्शन अर्धा आधीच डब्यात भरून घेतो, दुसऱ्या दिवशीचा लंच होतो. तुम्ही लोक उरलेलं पॅक करून मागायला लाजता, तिथेच पैसे वाया जातात.

पेठकर
आम्ही उरवतच नाही.

तिखटमीठ
काका, सेट मेनू किंवा बुफे असला की इथे पॅक करून देत नाहीत. पाटीच लावलेली असते.

खवय्या_नं_१
माझं मत : सेट मेनूच नको. दोन पोळ्या नि ताक घेणाऱ्या आजोबांचे ७५० कशाला मोजायचे? मेनूकार्डातून मागवा. भाजीची फुल प्लेट तीन जणांना आरामात पुरते. सूप वन बाय टू. बटर नानऐवजी तवा रोटी. मसाला पापड मागवूच नका, एक पापड आणि चिमूटभर कांदा-टोमॅटो यांचे जे पैसे लावतात ते बघवत नाहीत.

बिनमिठाचा
बावीस जणांत मेनूकार्ड फिरवून बघा एकदा. अर्धा तास ऑर्डर ठरण्यात जातो, मग एक मामा "पनीर नको" म्हणतात, एक वहिनी "ग्रीन सिझलर चालेल का?" विचारतात, आणि भाचे कंपनीची मॉकटेलं वेगळीच. सहा-आठ जणांपर्यंत मेनूकार्ड परवडतं, बाराच्या पुढे ठरलेलं ताट. यात वादच नाही.

खवय्या_नं_१
वाद आहे. घरातल्या एकाने आधीच ऑर्डर ठरवून मॅनेजरला पाठवायची. बाकीच्यांच्या हातात कार्डच द्यायचं नाही.

बिनमिठाचा
म्हणजे सेट मेनूच झाला की!

अमृततुल्य
शिवभोजन थाळी दहा रुपयांत मिळते. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. बावीस जणांचे २२० रुपये. हाय काय नि नाय काय.

तिखटमीठ
केक पण तिथेच कापू या का?

मुलुंडची_मावशी
माटुंग्याला रामा नायकांच्या उडुपीत न्या ना सगळ्यांना! स्टेशनाला लागूनच. केळीच्या पानावर रस्सम, सांबार, पोरियल, वाढतच राहतात. १९४२ पासून चालू आहे. ताटाला ७५० पेक्षा पुष्कळ कमी पडेल.

चकली
मावशी, जागा चांगली आहे, आम्ही दोघं जातो. पण सासूबाईंच्या गुडघ्यांना जिना नको, आणि केक कापून तासभर बसायचंय. तिथे मागे लोक रांगेत उभे असतात, गप्पा कशा मारणार?

मुलुंडची_मावशी
हो गं, तेही खरंच.

जीएसटीवाला
महत्त्वाचं कोणी विचारलंच नाही. हे हॉटेल स्वतंत्र आहे की एखाद्या मोठ्या राहायच्या हॉटेलातलं रेस्टॉरंट? साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, १५ नोव्हेंबर २०१७ पासून, एसी असो वा नसो. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० च्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. मग तुमच्या ८२५ चे ९७३.५० होतात.

चकली
राहायचं हॉटेल नाही, घोडबंदर रोडवरचं साधं फॅमिली रेस्टॉरंट आहे, वर पार्टी हॉल. लिफ्ट आहे.

जीएसटीवाला
मग ५. बिलावर जीएसटी नंबर आहे ना, तेवढं बघा. छोटे हॉटेलवाले कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची सोपी करपद्धत) असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घ्यायचा अधिकारच नाही. तरी काही जण बिनदिक्कत लावतात.

काडीपेटी
पाण्याच्या बाटल्या! आत बसल्या बसल्या वेटर विचारतो, "रेग्युलर की बाटली?" आणि कोणीतरी पाहुणा ऐटीत "बाटली" म्हणतो. मग शेवटपर्यंत बाटल्या फुटत राहतात. बरं, एमआरपीवरून भांडताही येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय की हॉटेलात बसून प्यायच्या बाटलीला जास्त दर लावला तरी चालतो. आधीच सांगा, टेबलांवर जग भरून ठेवा म्हणून.

पेठकर
आणि थाळीवाल्यांची युक्ती लक्षात ठेवा, बसल्याबरोबर ताक नि ढोकळा देतात. त्याने पोट भरतं. मुख्य जेवण येईपर्यंत हात आवरा.

आजी_ऑनलाइन
रविवारच कशाला? वाढदिवस खरा कधी आहे?

चकली
खरा बुधवारी. पण पनवेलची नणंद आणि पुण्याचे दीर यांना रविवारच जमतो.

गल्ल्यावरचा
आजींनी बरोबर नाडी पकडली. बुधवारी दुपारी याच हॉलचा भाव तुम्हाला बराच खाली मिळाला असता. असो. रविवार दुपार असली तरी खालच्या गोष्टी मागून बघा. मिनिमम २५ ऐवजी २०. पाच वर्षांखालची दोन मुलं मोजायची नाहीत, शाळकरी मुलांना अर्धा दर विचारा, तो बहुधा मिळतो. सर्व्हिस चार्ज काढा. दोन स्टार्टर आणि दोन गोड असतील तर एक-एक करा, कारण केक तुम्ही आणणारच आहात. बाहेरचा केक चालतो का नि त्याचे वेगळे पैसे आहेत का, तेही आत्ताच विचारा. डेकोरेशनचे फुगे तुमचे तुम्ही लावा, त्यांच्या "बर्थडे पॅकेज"मध्ये निम्मा भाव फुग्यांचाच असतो.

कूपनराजा
तरी मी म्हणतो चार टेबलं...

तिखटमीठ
बास रे.

चकली
आत्ता बोलले. मालकाशीच बोलणं झालं, मॅनेजरशी नाही, त्याने फरक पडला. मिनिमम २० ला तयार झाला, पण शाळकरी मुलांना पूर्ण दर. एक स्टार्टर आणि गुलाबजाम काढले, ताट ७०० ला आलं. सर्व्हिस चार्ज नको म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसला, मग "ठीक आहे, पोरांना टिप द्या" म्हणाला. केक आमचा. पाण्याचे जग मिळतील.

जीएसटीवाला
७०० वर ५ टक्के म्हणजे ७३५. वीस ताटं, १४,७००. आधीच्या हिशेबापेक्षा सात हजारांच्या आसपास वाचले.

खवय्या_नं_१
मेनूकार्डातून बाराच हजारांत झालं असतं.

बिनमिठाचा
आणि संध्याकाळपर्यंत जेवण चाललं असतं.

गल्ल्यावरचा
ताई, ॲडव्हान्स देण्याआधी हे सगळं त्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा : तारीख, वेळ किती ते किती, २० ताटं, ७०० अधिक फक्त जीएसटी, सर्व्हिस चार्ज नाही, बाहेरचा केक चालेल, पदार्थांची नावं. त्याचं "ओके" आलं की मगच पैसे पाठवा. रविवारी गल्ल्यावर मालक नसतो, दुसराच कोणी असतो, आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

चकली
पाठवते लगेच. आम्ही बावीस जण असलो तर टिप किती द्यायची?

परदेशी_पाखरू
आमच्याकडे २० टक्के...

मुलुंडची_मावशी
अहो पाखरू, इथे नको! चकली, वाढणारी पोरं किती आहेत ते बघ आणि प्रत्येकाच्या हातात शंभर-शंभर ठेव. पाकिटात घालून बिलाबरोबर देऊ नकोस, पोचेलच असं नाही.