पूर्ण साक्षर गोव्यात दिव्यांगांसाठी वेगळे वर्ग कशाला?

डिचोलीकर: काल इथेच एका सद्गृहस्थांनी लिहिलं, 'गोवा ३० मे २०२५ ला पूर्ण साक्षर जाहीर झाला, ९९.७२ टक्के. आता दिव्यांग प्रौढांसाठी वेगळे वर्ग मागणं म्हणजे पैशांची उधळण. पेन्शन मिळते ना त्यांना?' दोन ओळी खरडून गप्प बसणार होतो, जमलं नाही.

माझा मावसभाऊ बारावी शिकलेला. काचबिंदूने चाळिशीत दोन्ही डोळे गेले. तुमच्या ९९.७२ मध्ये तो साक्षर. पण विजेचं बिल त्याची नववीतली मुलगी वाचून दाखवते, आणि झोकात सही करणारा माणूस आता अंगठा देतो.

'उल्लास' या सरकारी प्रौढ साक्षरता योजनेच्या वर्गात मोबाईल आणि बँकेचे व्यवहारही शिकवतात म्हणून त्याला घेऊन गेलो. वर्ग देवळाच्या सभागृहात, वरच्या मजल्यावर. शिकवणारी कॉलेजची पोर, गुणी, एक पैसा न घेता यायची. फळ्यावर लिहायची आणि म्हणायची, 'हे बघा, हे असं.' भाऊ मान डोलवायचा. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना म्हणाला, 'उद्या नको रे. फळा काय बोलतो माझ्याशी?'

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षण ६ ते १८ वयापर्यंत. पुढचं कलम १८ मध्ये आहे: प्रौढ शिक्षणात इतरांच्या बरोबरीने सहभाग. जबाबदारी सरकारची आणि स्थानिक संस्थांची. म्हणजे तुमच्या पंचायतीचीसुद्धा.

पर्वरीचा पेन्शनर: ते सद्गृहस्थ मीच. भावाबद्दल वाईट वाटलं. पण तो निरक्षर नाही हे तुम्हीच लिहिलंत. मग हा साक्षरतेचा प्रश्नच नाही, पुनर्वसनाचा आहे. खातं वेगळं, बजेट वेगळं. ३१ वर्षं मास्तरकी केली आहे. एकासाठी थांबलं की उरलेले तीस खिडकीबाहेर बघतात. गावात असे चार जण, चौघांची गरज चार तऱ्हेची. किती शिक्षक नेमणार? आणि गोव्यात काहीच होत नाही म्हणू नका, २०२३ पासून दिव्यांगांचा पर्पल फेस्ट हा महोत्सव भरतोय.

सत्तरीची सून: फेस्टला गेले होते नणंदेला घेऊन. छान होता, खोटं कशाला बोलू. घरी आलो आणि पुन्हा तेच.

नणंद जन्मापासून बहिरी, शाळा बघितली नाही. लोकांना वाटतं, डोळे आहेत ना, फळ्यावरचं वाचेल. अहो, जिने 'क' कधी ऐकलाच नाही तिला 'क कमळाचा' म्हणून काय कळणार? खुणांची भाषा येणारा माणूस लागतो. ती स्वतःचं नाव काढते, रांगोळी काढावी तसं. ठिपका चुकला की पुसून पहिल्यापासून. आमच्याकडे साक्षरतेच्या पाहणीला आलेल्यांनी तेवढंच बघितलं आणि 'सही येते' लिहून गेले.

पर्वरीचा पेन्शनर: एका घरावरून राज्याचा आकडा खोटा ठरत नाही बाई.

सत्तरीची सून: मी आकड्याबद्दल बोललेच नाही. आणि बाई नका म्हणू.

फोंड्याचा वाचक: मूळ दुखणं वेगळंच आहे. प्रौढांच्या हातात पुस्तक कुठल्या भाषेतलं देता? माझी आई शाळेत न जाता मराठी पोथी वाचायला शिकली. देवळात मराठी, भजनात मराठी, नाटकात मराठी, आणि वर्गात गेलं की कोकणी. माणसं पळणारच.

काणकोणकार: घरांत उलयतात कोंकणी आनी पुस्तक जाय मराठी? १९८७ चो राजभाशा कायदो वाचला मरे?

फोंड्याचा वाचक: वाचलाय. त्याच कायद्यात सरकारी कामासाठी मराठीचीही तरतूद आहे, तेवढं पान तुमच्या प्रतीतून गळालेलं दिसतंय.

काणकोणकार: परत सुरू! तुमकां महाराष्ट्रांत वचपाचें आशिल्लें तें १९६७ च्या जनमत कौलांतच सोंपलें.

फोंड्याचा वाचक: मराठी म्हटलं की लगेच विलीनीकरण. हेच, हेच ते. तीन पिढ्या इथल्या मातीत गेल्या तरी आम्ही परके.

डिचोलीकर: थांबा दोघेही. भाऊ आता घरीच एका निवृत्त माणसाकडे ब्रेल शिकतोय. भारती ब्रेलमध्ये 'क' म्हणजे १ आणि ३ क्रमांकाचे ठिपके. मराठीत तेच, देवनागरी कोकणीतही तेच. सहा ठिपक्यांत सगळं बसवलंय. पहिल्या महिन्यात बोटाला कळेचना. भाताच्या शितांसारखं लागतं म्हणायचा. तुमचं भांडण त्याच्या बोटापर्यंत पोचलेलंच नाही.

फोंड्याचा वाचक: लिपी एक म्हणून भाषा एक होत नाही. ब्रेल पुस्तकात वाक्यं कुठल्या भाषेतली, सांगा की.

पर्वरीचा पेन्शनर: हे दोघे रात्रभर चालणार, मी झोपायच्या आधी लिहितो. २०११ ची लोकसंख्या साडेचौदा लाख. उरलेले ०.२८ टक्के म्हणजे फार तर चार हजार, लहान मुलं वगळली तर आणखी कमी. एवढे तर शोधता येतात. ते कोण, हे मीही विचारलं नव्हतं, कबूल. वर्ग तळमजल्यावर आणायला पैसा लागत नाही, हेही कबूल. पण डिचोलीकर, तुमचा भाऊ त्या चार हजारांत नाहीच. त्याची मागणी साक्षरतेच्या नावाखाली आणू नका.

डिचोलीकर: बरं मास्तर. नाव तुम्ही ठेवा, शिकवणारा पाठवा.

सत्तरीची सून: आणि माझ्या नणंदेचं काय? ती 'सही येते'त गेली. त्या चार हजारांतही सापडायची नाही.

काणकोणकार: ताका ब्रेल कोंकणींत शिकयतात काय मराठींत, तें आदीं सांगात.