१ लाख कोटी कंपन्यांना आणि पीएचडीवाल्यांची फेलोशिप थकलेली, पटतं का तुम्हाला?

रसायनवेडी
२०२५ मध्ये केंद्राने आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोपक्रम) योजना आणली. १ लाख कोटी रुपये, कंपन्यांनी संशोधन करावं म्हणून दीर्घ मुदतीचं, कमी व्याजाचं नाहीतर बिनव्याजी कर्ज. ठीक आहे, पण लॅबमध्ये उभं राहून काम करतं कोण? पीएचडीवाल्यांची जेआरएफ फेलोशिप महिन्याला ३१,००० वरून ३७,००० झाली ती २०२३ पासून, तीही पोरं रस्त्यावर उतरल्यावर, आणि दर महिन्याला येईल याची खात्री नाहीच. आमच्या लॅबमधल्या एका मुलीची कित्येक महिने आली नव्हती, पुण्यात रूमचं भाडं, मेस, घरी मागायची सोय नाही, शेवटी ती दिवसा क्लासमध्ये बारावीला केमिस्ट्री शिकवायची आणि रात्री लॅबमध्ये येऊन कॉलम लावायची, म्हणजे मिश्रणातून रसायनं वेगळी करायची. आधी हे पैसे वेळेवर द्या, मग कंपन्यांचं बघू.

बल्कड्रगवाला
ताई, फेलोशिपचं शंभर टक्के मान्य. पण "मग कंपन्यांचं बघू" हे अजिबात पटत नाही. मी फार्मा आर अँड डीमध्ये आहे. आपला देश जीडीपीच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो, त्यात खाजगी कंपन्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश. दक्षिण कोरिया ५ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक खर्च तिथल्या कंपन्याच करतात. इथे पीएचडी झालेली पोरं जाणार कुठे? आमच्याकडे नवीन मॉलिक्यूलचं काम वाढलं नाही तर चांगली सिंथेसिस करणारी मुलं क्यूसीत, म्हणजे मालाच्या तपासणीत, एचपीएलसीचं मशीन चालवत बसतात, रोज बघतो मी. आणि हे कर्ज आहे, परत करायचंय, खिरापत नाही.

तासिकावाला
कुठे जाणार म्हणता, मी सांगतो. नेट, पीएचडी सगळं झालंय, कॉलेजात सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस) शिकवतो, तासाप्रमाणे पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी पोरांना आंदोलनं करावी लागली. तुमच्या दोघांच्या वादात हा मधला माणूस कुठेच नाही. प्राध्यापकांच्या जागा भरा आधी.

रसायनवेडी
@बल्कड्रगवाला दादा, डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी काढणारे अंजी रेड्डी पीएचडीला कुठे होते? पुण्यात, एनसीएलला, म्हणजे सरकारी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. सरकारी पैशावर माणूस तयार झाला म्हणून पुढे कंपनी झाली. आरडीआयचा पैसा लॅबमध्ये सिद्ध झालेल्या तंत्रज्ञानाच्या पुढच्या टप्प्यांसाठीच आहे, म्हणजे रिअॅक्शन मुळात का होते हे शोधणाऱ्याला त्यातून काही नाही. त्याच्यासाठी एएनआरएफ ही संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था, ५ वर्षांत ५०,००० कोटी, पण त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून येतील अशी अपेक्षा. म्हणजे मूलभूत विज्ञानसुद्धा कंपन्यांच्या मर्जीवर?

बल्कड्रगवाला
एनसीएलचंच घ्या ना मग. नव्वदच्या दशकात पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची त्यांची पेटंट्स कोणी घेतली? अमेरिकेच्या जीईने (जनरल इलेक्ट्रिक). शोध पुण्यात, पगार आपल्या करातून, आणि घेणारा तिकडचा, कारण त्या शोधावर पैसे लावून प्लांटपर्यंत नेणारी कंपनी इथे नव्हती. तो टप्पाच सगळ्यात महाग असतो, पायलट बॅच फसली की कोटींमध्ये जातात, बँक त्याला कर्ज देत नाही. आरडीआय नेमकं तिथे लागतंय. हे नसेल तर तुम्ही कितीही चांगला पेपर काढा, उपयोग तिकडेच होणार.

रसायनवेडी
जीई पुण्यात आली कारण इथे विकत घेण्यासारखं काही होतं, आणि ते होतं कारण माणसं वर्षानुवर्षं एकाच विषयावर टिकली. माझी मागणी साधी आहे, जी कंपनी हे कर्ज घेईल तिने प्रत्येक प्रोजेक्टमागे दोन पीएचडींचा पूर्ण खर्च उचलायचा, आणि पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात.

बल्कड्रगवाला
अट घातली की मोठ्या कंपन्या कागद रंगवतील आणि छोट्या स्टार्टअप येणारच नाहीत. एक पीएचडी म्हणा, तेही मोठ्या कर्जाला, तर मी सही करतो.

तासिकावाला
आणि त्या पीएचडीनंतर?